शुगर लो झाली तर काय करायचं, हे शिकवायचं कुणी?

खरं तर या शनिवारी नवीन घेतलेल्या कीबोर्डचं कौतुक लिहायचं होतं. पण परवा ऑफिसात डबा खाताना एक सहकारी म्हणाला, "अरे, वडिलांना डायबेटिस निघाला. विशेष काही नाही, गोळी चालू केलीय, गोड बंद केलंय. झालं."

मी विचारलं, "शुगर लो झाली तर काय करायचं ते सांगितलं का डॉक्टरांनी?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "लो? अरे, डायबेटिस म्हणजे हाय ना?"

हसू नका. २०२५ च्या जुलैपर्यंत मीही हेच म्हणालो असतो, आणि माझ्या घरात तर तेव्हा डायबेटिसला १२ वर्षं झाली होती. म्हणून कीबोर्ड पुढच्या आठवड्यात. आज हे.

तर झालं असं. ६ जुलै २०२५, रविवार, आषाढी एकादशी. आयता रविवार आल्यामुळे मी शनिवारी रात्रीच साताऱ्याला घरी पोचलो होतो. बाबा ७२ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, शिस्तीचे. एकादशी म्हणजे उपवास आणि गोळी म्हणजे गोळी, दोन्ही चुकवायचं नाही. सकाळी अंघोळ, पूजा, बिनसाखरेचा चहा, आणि रोजच्या सवयीने नाश्त्याआधीची गोळी. त्या दिवशी फक्त नाश्ता नव्हता. मग विठोबाच्या देवळात चालत जाणं, रांगेत तासभर उभं राहणं, चालत परत येणं. साबुदाण्याची खिचडी बारा वाजता होणार होती.

अकराच्या सुमाराला बाबा आईवर खेकसले. कारण काय, तर चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवरच होता. आम्ही दोघं हसलो. ते हसणं मला आजही टोचतं, कारण तीच पहिली खूण होती आणि आम्हाला ती वाचता आली नाही. बाबांची चिडचिड आमच्या घराला नवीन नाही. "उपवासाने पित्त झालं असेल," आई म्हणाली आणि आत गेली.

दहा मिनिटांनी मी पाहिलं तर बाहेर पाऊस, हवा गार, आणि बाबांचा सदरा घामाने चिंब. हात थरथरत होते. काही विचारलं तर उत्तर द्यायला वेळ लागत होता. ग्लुकोमीटर घरात होता (मीच घेऊन दिलेला, बरेच महिने कपाटात पडलेला). नशिबाने स्ट्रिप्सची मुदत संपली नव्हती. आकडा आला ५२.

मग आमची धावपळ. आईने देवापुढचा पेढा आणून तोंडात घातला. मी पाण्यात चार चमचे साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ५५. पुन्हा साखरेचं पाणी. पुन्हा मोजलं, ५७. बाबा "झोपू दे मला" म्हणत होते. आई रडायला लागली. मी घाबरून मामेबहिणीला फोन लावला, ती फार्मसिस्ट आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "काकांची गोळी कुठली? स्ट्रिपचा फोटो पाठव."

फोटो बघून तिचा लगेच फोन. "दादा, या गोळीत तीन औषधं आहेत. तिसरं व्होग्लिबोज. त्यावर साखरेचं पाणी पटकन चढत नाही. ग्लुकोज पावडर आण. साधी, कुठल्या फ्लेवरची नको. पळ."

मी पळालो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डबा आणला, ग्लासभर पाण्यात चार चमचे घालून पाजलं. पंधरा मिनिटांनी ८४. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "खिचडी झाली का?"

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण नाही संपली. दुपारी जेवूनही चार वाजता आकडा पुन्हा ६१. तेव्हा मात्र सरळ हॉस्पिटल. रात्रभर ग्लुकोजचं सलाइन, दर तासाला बोटाला सुई. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. कागदावर तपासण्या, औषधांची नावं, आणि खाली सल्ला: गोड टाळा, नियमित चाला, गोळ्या वेळेवर घ्या. शुगर का पडली, पुन्हा पडली तर काय करायचं, उपवासाच्या दिवशी गोळीचं काय, यावर एक ओळ नाही. त्याच गोळ्या चालू. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका हॉस्पिटलचा नाहीच. आधीच्या १२ वर्षांत आम्ही तीन डॉक्टर केले होते, तिघंही सज्जन, आणि तिघांपैकी एकानेही हा विषय काढला नव्हता. (आम्हीही विचारला नव्हता. त्यावर पुढे येतो.)

आता माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. शुगर खाली पाडू शकणारं औषध लिहून देणं आणि ती खाली पडल्यावर काय करायचं हे न शिकवणं म्हणजे अर्धाच उपचार. आणि शिकवणं म्हणजे कागद हातात देणं नव्हे.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. प्रॉडक्शनमध्ये एखादी सिस्टिम सोडली की तिचं रनबुक लागतं. रात्री तीनला अलर्ट वाजला तर काय बघायचं, काय रीस्टार्ट करायचं, कुणाला उठवायचं. रनबुक नसेल तर आपला मॅनेजर रिलीज थांबवतो. इथे एका माणसाच्या शरीरात गोळी सोडली जाते, अलर्ट वाजणार हे आधीपासून माहीत असतं, आणि ऑन-कॉल कोण? तर आई. जिला काहीच सांगितलेलं नाही.

नंतर मी बरंच वाचलं, प्रश्न विचारले. जे पक्कं कळलं ते मांडतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हे लागणार आहे. आयसीएमआर-इंडियाबचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की भारतात डायबेटिसचे अंदाजे १० कोटी १० लाख लोक आहेत. त्या सगळ्यांना लोचा धोका सारखा नाही. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर सहसा धोकादायक पातळीपर्यंत पडत नाही. धोका खरा दोन गोष्टींनी: इन्शुलिन, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या घराण्यातल्या गोळ्या. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही ते न बघता. जेवण चुकलं, जास्त चालणं झालं, रिकाम्या पोटी दारू झाली, किंवा वयानुसार किडनी मंदावल्यामुळे औषध अंगात रेंगाळलं, की शुगर घसरते. बाबांच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी एकाच सकाळी जमून आल्या. आणि गोळीचा असर बरेच तास टिकतो, म्हणून चार वाजता पुन्हा पडली. एकदा आकडा वर आला म्हणून गाफील राहायचं नाही, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर संध्याकाळची दुसरी धावपळ तरी शांतपणे झाली असती.

७० च्या खाली म्हणजे लो, हालचाल करा. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. आणि आकडा काहीही असो, माणसाला स्वतःचं स्वतः सावरता येत नसेल, दुसऱ्याची मदत लागत असेल, तर ती सगळ्यात वरची पायरी. खुणा: घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक. पुढे मेंदूला कमी पडायला लागलं की चिडचिड, गोंधळ, अडखळतं बोलणं, शेवटी फिट किंवा बेशुद्धी. रात्री झोपेत झालं तर वाईट स्वप्नं, ओली उशी, सकाळी डोकं जड.

उपाय तर इतका सोपा आहे की शाळेत शिकवता येईल. त्याला १५ चा नियम म्हणतात. पटकन रक्तात जाणारी १५ ग्रॅम साखर द्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेच. वर आली की जेवण किंवा काहीतरी खाणं. १५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, किंवा अर्धा कप फळांचा रस, किंवा तेवढंच साधं कोल्ड्रिंक (डाएट नव्हे!). पेढा, लाडू, चॉकलेट नको. त्यात तूप-दूध-फॅट असतं, साखर रक्तात पोचायला उशीर होतो. आमच्या आईने प्रेमाने भरवलेला पेढा त्या घटकेला जवळजवळ निरुपयोगी होता.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर आपली नेहमीची साखरही भरवशाची नाही. ती म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. आतड्यातलं एक एन्झाइम ती जोडी तोडतं तेव्हाच ती रक्तात जाते, आणि ही औषधं नेमकं तेच एन्झाइम अडवतात. म्हणून तिथे नुसतं ग्लुकोज हवं. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही एका गोळीत सर्रास मिळतात. पेशंटच्या लेखी ती 'सकाळची पांढरी गोळी'. आत कुठल्या डिपेंडन्सी आहेत हे स्ट्रिपच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात, तेही इंग्रजीत.

आणि माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही. पाणी नाही, मध नाही, हिरड्यांना साखर चोळणं नाही. श्वासनलिकेत जाईल. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं यात लाखमोलाची मिनिटं जातात. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी असेल आणि कसं द्यायचं ते आधी शिकला असाल तर द्या.

बस. एवढंच. आमचं ते शिकवायचं राहून गेलं, आणि मला वाटतं हजारो घरांत राहून जातं.

इन्शुलिनवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण ती कळली तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बऱ्याचदा ४० च्या असतात, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट. पेनची कार्ट्रिज १०० ची. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. आता समजा पेन बिघडलं आणि कुणी १०० च्या इन्शुलिनमधून ४० च्या सिरिंजने '२०' च्या रेघेपर्यंत ओढलं. अंगात किती गेलं? अर्धा मिलिलीटर, म्हणजे ५० युनिट. अडीच पट! १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान एका टीमची एककं मेट्रिक आणि दुसरीची ब्रिटिश म्हणून मंगळाजवळ हरवलं, ते आपण दर ट्रेनिंगमध्ये ऐकतो. इथे तोच बग आजीच्या कपाटात ठेवलाय, आणि कोड रिव्ह्यू करणारं कुणी नाही.

आता इतिहासाचा एक तुकडा. टोरांटोला ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. म्हणजे शुगर औषधाने खाली आणता येते हे माणसाला कळून शंभरावर वर्षं झाली, आणि ती जास्त खाली जाऊ शकते हे त्या पहिल्या काळातल्या डॉक्टरांना लगेचच दिसलं होतं. बॉस्टनच्या इलियट जॉस्लिन यांनी तर इन्शुलिन येण्याच्याही आधी, १९१८ साली, डॉक्टर आणि पेशंट दोघांनी मिळून वापरायचं एक पुस्तक काढलं होतं. त्यांचं म्हणणं असं की डायबेटिसमध्ये पेशंटला शिकवणं हा उपचाराला जोडलेला उपदेश नाही, तो उपचारच आहे.

पुढे १९९३ साली अमेरिकेतला डीसीसीटी हा मोठा अभ्यास आला. टाइप १ च्या पेशंटमध्ये शुगर कडक ताब्यात ठेवली तर डोळे, किडनी, नसा वाचतात हे त्याने सिद्ध केलं. त्याच अभ्यासात कडक कंट्रोलवाल्या गटात गंभीर लो सुमारे तिप्पट झाले. मग यातून सुटका नाही का? तर आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला पाच दिवसांचा वर्ग घेऊन पेशंटला स्वतःचा डोस, स्वतःचं जेवण आणि स्वतःचे लो सांभाळायला शिकवत होते. तिथे शुगरही सुधारली आणि गंभीर लोही वाढले नाहीत. ब्रिटनने तोच धडा डॅफ्ने नावाने घेतला आणि त्याची चाचणी २००२ साली प्रसिद्ध केली. थोडक्यात, औषध तेच, फरक शिकवण्याचा. हे मला एखाद्या नव्या औषधाइतकंच मोठं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरांकडे वेळ कुठे आहे? बाहेर चाळीस पेशंट बसलेत. मान्य. माझा रोख डॉक्टरांना खलनायक करण्याचा नाहीच. पण वेळ नाही म्हणून शिकवणं गाळायचं, हे टेस्टिंगला वेळ नाही म्हणून टेस्टिंग गाळण्यासारखं आहे. त्याचं काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे :-) हे काम डॉक्टरांनीच करावं असंही नाही. नर्स करू शकते, डायबेटिस एज्युकेटर करू शकतो, मेडिकलवाला स्ट्रिप देताना दोन वाक्यं बोलू शकतो.

दुसरा आक्षेप मी एका डॉक्टर मित्राकडून ऐकला, आणि तो जास्त गंभीर आहे. "लोबद्दल सांगितलं की पेशंट घाबरतो. गोळी सोडतो, नाहीतर लोच्या नावाखाली जिलबी खातो." यावर माझ्याकडे वाद नाही, बाबा आहेत.

आषाढीनंतर बाबा मुकाट झाले. वर्ष श्रावणातून गणपतीत गेलं. बाहेरून सगळं ठीक. ऑक्टोबरमध्ये तीन महिन्यांची तपासणी केली तर एचबीए१सी ९.२. आषाढीच्या आधी ७.१ होती. मी चिडलो. "बाबा, पथ्य मोडताय का?" बाबा गप्प. शेवटी आईनेच सांगितलं. बाबा रोज रात्री झोपताना चार-पाच ग्लुकोज बिस्किटं खात होते, आणि गोळी एक दिवसाआड घेत होते. का? तर झोपेत पुन्हा तसं झालं आणि उठलोच नाही तर? ज्या माणसाने आयुष्यात कुठल्या गोष्टीची भीती कबूल केली नाही, तो तीन महिने रोज रात्री एकटा घाबरत होता. आणि मी पुण्यात बसून फोनवर "शुगर किती आली?" एवढंच विचारत होतो.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं: घाबरवतो तो लो, त्याबद्दलचं ज्ञान नव्हे. न शिकवता आलेला लो एका दिवसाचा नसतो, पुढचे कित्येक महिने तो उपचार पोखरत राहतो. घाबरलेला माणूस शुगर मुद्दाम वर ठेवतो. आपण त्याला पथ्य मोडणारा म्हणतो.

नोव्हेंबरमध्ये बाबांना पुण्यात आणलं. नवीन डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि बाबांचं वय बघून शुगरचं टार्गेटही थोडं सैल केलं. (हा निर्णय डॉक्टरांचाच. माझं वाचून कुणी घरी डोस बदलू नका.) पण खरी कमाल केली त्यांच्याकडच्या एज्युकेटर बाईंनी. पस्तीस मिनिटं, मराठीत. आईलाही आत बोलावलं. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, आता तुम्ही मला शिकवा. समजा अकरा वाजलेत, हात थरथरतोय. काय करणार?"

बाबा म्हणाले, "आडवा होणार."

बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. "बरं. आणि आडवं झाल्यावर साखर कोण देणार?" मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी बाबांनी बरोबर सांगितलं. मग आईची पाळी. मग स्वतःच्या पर्समधून ग्लुकोजची पुडी काढून त्या म्हणाल्या, "काकू, ही घरात कुठे ठेवाल? अंधारात सापडेल अशी जागा सांगा." आई म्हणाली, "देवघरात, काडेपेटीशेजारी." आमच्या घरात दिवे गेले तर ज्या वस्तूकडे हात आपोआप जातो ती काडेपेटी. मी शंभर वर्षं विचार केला असता तरी मला ही जागा सुचली नसती!

शिकवणं म्हणजे हे. पेशंटने परत सांगेपर्यंत शिकवणं झालेलंच नाही. जी व्यक्ती साखर देणार आहे, ती खोलीत हवी, कारण लो झालेल्या माणसाला स्वतःचं रनबुक वाचता येत नाही. आणि त्याच्या आयुष्याबद्दल विचारायला हवं. "उपवास करता का?" हा प्रश्न महाराष्ट्रात डायबेटिसच्या प्रत्येक केसपेपरवर छापलेला हवा. एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्र, आणि कुणाचा रमजानचा रोजा. उपवासाच्या दिवशी औषधाचं काय, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

आता आपली बाजू. उपवास लपवतो कोण? आपणच. "डॉक्टरांना सांगू नकोस, ओरडतील," हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय. कार्यक्रमात "मला शुगर आहे, वेळेवर जेवायला हवं" म्हणायला बाबांना लाज वाटते, पंगत दोन वाजता बसली तरी ते दोनलाच जेवणार. आणि आपण मुलं? आपण ग्लुकोमीटर ऑनलाइन मागवतो, पोस्टाने प्रेम पाठवल्यासारखं घरी पाठवतो, आणि मोकळे होतो. हार्डवेअर दिलं, ट्रेनिंग नाही.

म्हणून वीकेंडचा एक तास मागतोय तुमच्याकडे. घरी कुणाला डायबेटिस असेल तर गोळ्यांची स्ट्रिप हातात घ्या, मागची नावं मोठ्याने वाचा. वरच्या घराण्यातलं काही आहे का, इन्शुलिन आहे का, व्होग्लिबोज आहे का, ते मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा. ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे का तेही विचारा, कारण त्याने थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा उरतो. आधी वारंवार लो झाले असतील तर हेही सांगा, कारण त्याने शरीराची धोक्याची घंटाच बोथट होते. (चांगली बातमी ही की काही आठवडे लो टाळले तर ती बऱ्याच जणांत परत येते.) साध्या ग्लुकोजचा एक डबा घरात, एक पुडी खिशात किंवा गाडीच्या डिकीत. इन्शुलिनवर असून गाडी चालवणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये सोपं सूत्र आहे, आकडा पाचच्या वर असेल तरच किल्ली फिरवा. आपल्या मापात ९०. आणि मग आईला, बायकोला, मुलाला विचारा, "समजा अकरा वाजलेत, हात थरथरतोय. काय करणार?" उत्तर बरोबर येईपर्यंत विचारा.

डॉक्टरमंडळी वाचत असतील तर त्यांना हात जोडून एकच. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन लिहाल तेव्हा त्याच कागदावर, मराठीत, ठळक अक्षरांत तीन ओळी: लो झाल्याची खूण काय, काय द्यायचं, कधी १०८ ला फोन करायचा. आणि दाराबाहेर जाण्याआधी पेशंटकडून एकदा वदवून घ्या. एक मिनिट लागेल.

त्या सहकाऱ्याचं काय झालं? त्याने त्या संध्याकाळी घरी फोन केला. वडिलांची गोळी नुसती मेटफॉर्मिन निघाली. म्हणजे तूर्त काळजी नाही. पण तो म्हणाला, "बाबा म्हणाले, आजवर सगळ्यांनी साखर किती चढली तेच विचारलं. तू पहिलाच, पडली तर काय म्हणून विचारणारा."

असो. आमच्या देवघरात काडेपेटीशेजारी आता एक पुडी असते. बाबा एकादशी अजून करतात, फक्त त्या दिवशीचं गोळीचं वेळापत्रक डॉक्टरांनी लिहून दिलंय आणि खिचडी सकाळी आठला होते. रात्रीची बिस्किटं बंद आहेत. आई म्हणते, चिडचिड मात्र तीच आहे. फरक इतकाच की बाबा खेकसले की ती आधी ग्लुकोमीटर आणते, आणि आकडा ठीक असला तर मग ती त्यांच्यावर खेकसते.